कंबर दुखते म्हणून कंबरच धरून बसायचं का? ओटीपोट, मणका आणि भलतीकडे उमटणाऱ्या कळा

तापीकाठ:
मंडळी, मी फिजिओथेरपिस्ट आहे, जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. एप्रिल-मे लागला की माझ्याकडे एक ठराविक पेशंट येतो. केळीच्या बागेत नाहीतर कपाशीच्या रानात राबणारा, वय तीस-चाळीस, आणि पहिलंच वाक्य "उसण भरलीय". एका बाजूला, पाठीवर, शेवटच्या बरगडीखाली. मेडिकलवरून गोळी घेऊन झालेली, कुणाकडून तरी पाठ चोळून झालेली, आणि तरी रात्रभर अंगणात येरझाऱ्या.

माझे कान इथेच टवकारतात. उसण भरलेला माणूस हलत नाही, कूस बदलायलाही भितो. हा मात्र एका जागी टिकत नाही. उठतो, बसतो, ओणवा होतो, कशानेच बरं वाटत नाही. मग विचारायचं: कळ पुढे जांघेत उतरते का? लघवी लालसर झाली का? पुरुष असेल तर तो बायकोकडे एकदा बघून आवाज खाली घेतो आणि सांगतो, "गोटीतपण दुखतं." त्याला मी मशीनवर झोपवत नाही, सोनोग्राफीला पाठवतो. बहुतेक वेळा मूत्रनळीत मुतखडा अडकलेला निघतो.

खडा अडकला किडनीच्या खाली, मग गोटी का दुखावी? त्यासाठी गर्भातल्या बाळापर्यंत मागे जावं लागतं. वृषण आज खाली पिशवीत असले तरी तयार होतात पोटात वर, किडनीच्या शेजारी. तिथून ते खाली उतरतात, पण आपली रक्तवाहिनी आणि संवेदना नेणाऱ्या नसा वरूनच ओढत आणतात. म्हणून वृषण आणि किडनी या दोघांचे निरोप मज्जारज्जूत जवळपास एकाच पातळीवर, छातीच्या दहाव्या मणक्यापासून (टी १०) कमरेच्या पहिल्या-दुसऱ्यापर्यंत (एल १, एल २) पोचतात. त्याच पातळ्यांवर कुशीच्या, जांघेच्या आणि मांडीच्या वरच्या भागातल्या कातडीच्या नसाही येतात.

मज्जारज्जूत प्रत्येक अवयवासाठी वेगळी पेशी राखून ठेवलेली नसते. आतल्या अवयवाची नस आणि कातडीची नस एकाच पेशीवर येऊन टेकतात आणि पुढे मेंदूकडे एकच निरोप जातो. मेंदूला जन्मभर त्या वाटेने कातडीचे आणि स्नायूंचेच निरोप जास्त आलेले असतात. मज्जारज्जूत येणाऱ्या संवेदनेच्या तंतूंपैकी आतल्या अवयवांचे तंतू शंभरात दहाहूनही कमी. मग मेंदू सवयीने कातडीचंच नाव घेतो.

धागा काढायचं कारण मुतखडा नाही. मुतखडा निदान सापडतो तरी. गर्भाशय, मूत्राशय, प्रोस्टेट, गुदाशय यांची दुखणी कंबर, मांडी, माकडहाड अशी हिंडतात, आणि माणूस वर्षानुवर्षं मणक्याचे एमआरआय काढत राहतो. आपल्याकडे पेशंटला विचारतात, "कुठे दुखतं?" त्याआधी "कधी दुखतं?" हे विचारायला हवं, असं माझं मत. लघवी भरल्यावर, पाळीच्या आधी, बसल्यावर, चालल्यावर, संडासच्या वेळी? जागा फसवते, वेळ सहसा फसवत नाही.

अनुभव लिहा. डॉक्टर मंडळी असतील तर माझं चुकलं तिथे कान पकडा.


लोको_शेड:
आम्ही भुसावळवाले, आमच्या भाषेत सांगू का? सुरत लाइनची गाडी नंदुरबार-अमळनेरकडून येते, मुंबई लाइनची चाळीसगाव-पाचोऱ्याकडून. दोन्ही जळगावला मिळतात आणि पुढे एकाच वाटेने भुसावळला येतात. फलाटावर उभ्या माणसाला पाटी दिसली नाही तर गाडी जळगावहून आली एवढंच कळणार. आणि मुंबईकडच्या गाड्या जास्त, म्हणून तो म्हणणार, मुंबईचीच असेल. असंच ना?


तापीकाठ:
भाऊ, अगदी असंच. यापेक्षा सोपं मला सांगता आलं नसतं. डॉक्टरी पुस्तकांत हाच आजही सर्वांत जास्त मानला जाणारा खुलासा आहे.


यावलकर:
माझ्या शालकाला खडा झाला होता. आधी पाठ, मग जांघ, आणि शेवटी दोन दिवस इंद्रियाच्या टोकाशी आग. शिवाय सारखी लघवीला लागल्यासारखं, गेलं की दोन थेंब. त्याला वाटलं भलताच रोग लागला. घरात सांगेना, बायकोशी बोलेना. या टोकाचं काय कारण?


तापीकाठ:
यावलकर, खडा सरकत सरकत मूत्राशयाच्या तोंडाशी आला होता. मूत्रनळी वरून खाली येते तशी तिची पातळीही उतरत जाते. वरचा भाग टी १० च्या आसपास, खालचा एल १-एल २. अगदी मूत्राशयाच्या दाराशी आलं की त्रिकास्थीच्या, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या हाडाच्या, दुसऱ्या ते चौथ्या नसा (एस २ ते एस ४) जाग्या होतात. इंद्रियाच्या, योनिमार्गाच्या आणि गुदद्वाराच्या आसपासच्या कातडीची नस याच पातळीची. खडा कुठवर उतरला हे पेशंटच्या बोटावरून बरंचसं सांगता येतं. शालकाला सांगा, तो रोग नव्हता, खडा बाहेर पडायच्या बेतात होता.


अमळनेरकर_आबा:
खान्देशात खडे होतात ते बोअरच्या जड पाण्याने, हे लिहायचं राहिलं. आमच्याकडे हंड्याला पांढरा थर बसतो.


तापीकाठ:
आबा, हंड्याचा थर खरा, पण सगळा दोष पाण्याच्या जडपणावर टाकता येत नाही. मोठा दोष आहे पाणी कमी पडण्याचा. पंचेचाळीस अंशात दिवसभर घाम गाळायचा आणि लघवी दोनदा, तीही गडद. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी पोटात जायला हवं, मग ते बोअरचं का असेना. यावर वेगळा धागा काढा, इथे गाडी रुळावरून उतरेल.


पांझरेची_लेक:
धुळ्याहून लिहितेय. बायकांचं कुणी तरी काढलं हे बरं झालं. मला पाळीच्या आधी चार दिवस कंबर अशी धरते की पोळ्या लाटताना ओट्याला टेकून उभं राहावं लागतं. मांड्यांच्या आतून खाली ओढ लागते. सोनोग्राफी नॉर्मल, एक्स-रेमध्ये "थोडा गॅप". सासूबाई म्हणतात बाळंतपणात मणक्यात सुई दिली, तेव्हापासूनचं आहे. आणि शेजारच्या काकूंनी अंगावरून पांढरं जातं आणि कंबर दुखते म्हणून पिशवी काढून घेतली. पिशवी गेली, कंबर आहे तिथेच आहे. मला त्यांचं बघून भीती वाटते.


ओपीडी_सात:
ताई, मी ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोग ओपीडी बघतो. जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या एका पोस्टमध्ये माझ्या ओपीडीचे निम्मे प्रश्न आलेत.

ओटीपोटातले अवयव मज्जारज्जूशी दोन वाटांनी बोलतात. गर्भाशयाचा वरचा आणि मधला भाग, म्हणजे पोटाच्या आतलं अस्तर ज्याच्यावर पांघरलेलं असतं तो भाग, दुखण्याचे निरोप वरच्या वाटेने पाठवतो: कमरेच्या पाचव्या मणक्यासमोरच्या नसांच्या जाळ्यातून टी १० ते एल १ च्या आसपास. गर्भाशयाचं तोंड आणि योनीचा वरचा भाग, जो त्या अस्तराच्या खाली असतो, तो खालच्या वाटेने: एस २ ते एस ४. अंडाशय वृषणासारखंच वरून उतरलेलं, म्हणून त्याची पातळी टी १०, आणि त्याची कळ कधी कधी बेंबीभोवती येते.

बाळंतपण बघितलेल्या प्रत्येक बाईला हे शास्त्र न शिकता माहीत असतं. आधीच्या कळा कुठे? ओटीपोटात आणि कमरेत. ही वरची वाट. बाळ खाली सरकलं की कळांची जागा बदलते, खाली ताण आणि जोर येतो. ती खालची वाट आणि मायांगाची नस (पुस्तकात पुडेंडल). पाळीतही गर्भाशय आकसतं, तेच निरोप तीच वाट धरतात, म्हणून कंबर. मांडीच्या आतल्या बाजूची ओढ पुष्कळदा वेगळ्या कारणाने असते. अंडाशय ओटीपोटाच्या बाजूच्या भिंतीला टेकलेलं असतं आणि तिथूनच मांडीच्या आत जाणारी नस (एल २ ते एल ४) जाते.

आता सुई. सिझरला दिलेली सुई कमरेत टोचतात. टोचल्या जागी चार-आठ दिवस दुखू शकतं. वर्षानुवर्षांची कंबरदुखी त्या सुईने होते असं मात्र चाचण्यांत दिसलेलं नाही. सुई घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांत नंतरची कंबरदुखी सारखीच निघते. बाळंतपणानंतर सैल पडलेलं पोट, वाकून पाजणं, झोप नाही, खाणं नाही, यांचा हिशेब कुणी करत नाही. सुई दिसते, म्हणून तिच्यावर येतं. आणि एक गंमत सांगतो: सिझर ओटीपोटात, पण भूल छातीपर्यंत, टी ४ पर्यंत चढवावी लागते. पोटाचं अस्तर आणि आतले अवयव हाताळले की वरच्या पातळ्या बोंब मारतात. पेशंट म्हणते, "सर, छाती सुन्न झाली", तेव्हा आम्ही मनात म्हणतो, बरं झालं.

पिशवीबद्दल मी स्पष्ट बोलतो, राग आला तरी चालेल. नुसती कंबरदुखी आणि पांढरं पाणी हे पिशवी काढायचं कारण नाही. पांढऱ्या पाण्याची तपासणी आणि औषध असतं. कंबर स्नायूंमुळे किंवा मणक्यामुळे दुखत असेल तर पिशवी काढून ती थांबणार कशी? सोबत अंडाशयही काढली असतील तर रजोनिवृत्ती वयाआधीच येते, हाडं ठिसूळ होतात, आणि मग कंबर खरोखरच दुखायला लागते. कुणी पहिल्याच भेटीत पिशवी काढा म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. सरकारी रुग्णालयात घ्या, पण घ्या.


भरीत_पार्टी:
भो, पोट दुखनं ते मणकाना डॉक्टर, कंबर दुखनी ते पोटना डॉक्टर. हाई सगळं वाचीसन मन्हं ते डोकंच दुखाले लागनं. आते डोकासाठे कोनाकडे जाऊ?


अमळनेरकर_आबा:
भरीतवाल्याला दोन दिवस धाग्याबाहेर बसवा. बाकी, डॉक्टरांचं पटलं तरी सगळंच ओटीपोटावर ढकलू नका. माझ्या एमआरआयमध्ये एल ४-एल ५ ची गादी सरकलेली स्पष्ट लिहिलीय. फिल्म घरी आहे, दाखवतो.


तापीकाठ:
आबा, फिल्म खरी आहे, वाद तिच्याशी नाही. पण २०१५ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा छापून आला. ज्यांना पाठीचा कसलाही त्रास नाही अशा लोकांच्या मणक्याच्या तपासण्या त्यात बघितल्या होत्या. गादी फुगलेली वीस वर्षांच्या लोकांत ३० टक्के, ऐंशी वर्षांच्यांत ८४ टक्के. पांढऱ्या केसांसारखी ती वयानुसार येतेच. फिल्ममध्ये जे दिसतं ते दुखण्याशी जुळतं का, हे माणसाला हात लावून ठरवावं लागतं.

गादीने नस दाबली तर कळ सहसा गुडघ्याखाली उतरते, पोटरीच्या बाहेरून नाहीतर मागून, थेट पावलापर्यंत. विजेसारखी, बारीक रेघेत. सोबत मुंग्या, अंगठा उचलायला जड, खोकलल्यावर सणक. अवयवाची उसनी, म्हणजे भलतीकडे उमटणारी, कळ बोथट असते, तळहात फिरवून दाखवावी लागते, बोट ठेवता येत नाही. ती गुडघ्याखाली क्वचित जाते. आणि वाकल्या-उठल्याने फारशी कमी-जास्त होत नाही. तुमची पावलापर्यंत जाते का ते सांगा.


अमळनेरकर_आबा:
जाते. अंगठ्यापर्यंत.


तापीकाठ:
मग आबा, तुमची फिल्म आणि तुमचा पाय एकच गोष्ट सांगतायत. तुम्ही या धाग्याचे पेशंट नाही. 🙂


केळी_रावेर:
मी लेवा माणूस, शेतकरी. आमच्याकडे बेंबीजवळ दुखलं की म्हणतात बेंबी सरकली. जाणती बाई पोट चोळते, तेल लावते, पेला उलटा ठेवते. दोन वर्षांखाली बागेतल्या एका मजुराच्या पोराला असंच दुखलं. माय म्हणे, "बेंबी सरकली, मले माहीत हाय." दिवसभर चोळलं, रात्री एरंडेल पाजलं. पहाटे पोरगं उजवीकडे खाली हात लावू देईना. अपेंडिक्स फुटलं होतं. वाचलं पोरगं, पण पंधरा दिवस दवाखान्यात. मला तेव्हापासून प्रश्न आहे, उजवीकडचं आतडं बेंबीशी कशाला दुखतं?


ओपीडी_सात:
भाऊ, अपेंडिक्सची नस टी १० ला येते आणि बेंबीच्या कातडीची पातळीही टी १०. सुरुवातीला सूज फक्त अपेंडिक्समध्ये असते, तेव्हा मेंदू बेंबीच दाखवतो, बोथट, मळमळीसकट. सूज बाहेर येऊन पोटाच्या भिंतीच्या अस्तराला लागली की ते अस्तर नेमकी जागा सांगतं. त्याच्या नसा कातडीसारख्या. मग कळ उजवीकडे खाली उतरते. म्हणून "आधी बेंबीशी, मग उजवीकडे खाली" हे ऐकलं की चोळणं बंद, जुलाबाचं औषध बंद, तोंडाने काही न देता सरळ सर्जन.

यातच आणखी एक, सगळ्या आईबापांसाठी. दहा ते अठरा वयाचा मुलगा एकदम खालच्या पोटात दुखतं म्हणाला, उलटी झाली, तर त्याची चड्डी उतरवून बघायला सांगा. वृषणाला पीळ पडला की पोरं लाजून "पोट दुखतं" म्हणतात, आणि काहींना खरोखरच पोटात दुखतं, कारण पातळी वरचीच. साधारण सहा तासांत पीळ सोडवला तर वृषण वाचण्याची शक्यता चांगली असते. सकाळी बघू म्हटलं की बहुतेकदा जातं.


पांझरेची_लेक:
ओपीडी सर, मनापासून आभार. अजून एक विचारते, इथे ओळखीचं कुणी नाही म्हणून. पाळीच्या दिवसांत लघवीलाही आग होते आणि संडासही पातळ, त्या वेळी कळ येते. लघवीची तपासणी तीन वेळा केली, जंतू नाहीत, तरी दर वेळी अँटिबायोटिक. तिन्ही अवयव एकदम बिघडतील का?


तापीकाठ:
मी सुरुवात करतो, डॉक्टर पुढे नेतील. तिन्ही बिघडलेले असायची गरज नाही. मूत्राशय, गर्भाशय आणि मोठ्या आतड्याचं टोक यांचे निरोप मज्जारज्जूच्या त्याच त्या पातळ्यांवर येतात. एका अवयवाकडून महिनोन् महिने कळा येत राहिल्या की तिथल्या पेशी हळव्या होतात, थोडक्या निरोपालाही ओरडायला लागतात. मग निरोगी मूत्राशय जरासं भरलं तरी आग वाटते. मज्जारज्जूचा हा हळवेपणा १९८३ साली क्लिफर्ड वुल्फ यांनी प्रयोगात दाखवला. दुखणं मानसिक असल्याचा शिक्का ज्यांच्यावर बसतो, त्यातल्या बऱ्याच जणी याच हळवेपणाच्या असतात. पेशंटला "तुमचं सगळं नॉर्मल आहे" हे वाक्य ऐकवून घरी पाठवणं हे मला सर्वांत वाईट औषध वाटतं.


ओपीडी_सात:
पुढे नेतो. ताई, पाळीशी जोडलेली कंबरदुखी, लघवीची आग आणि संडासच्या वेळची कळ, हे तिन्ही एकत्र असेल तर एंडोमेट्रिओसिस मनात धरावाच लागतो. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर बाहेर, अंडाशयावर, आतड्यावर, मूत्राशयावर रुजतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळीच्या वयातल्या दहापैकी एका बाईला तो असतो. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून तो नाही असं म्हणता येत नाही, बारीक डाग दिसतच नाहीत. क्वचित तो थेट मांडीमागच्या मोठ्या नसेवर बसतो. मग दर महिन्याला पाळीबरोबर पाय दुखतो आणि पाळी संपली की थांबतो. अशा बाईचा मणका कितीही फोटो काढा, स्वच्छ.

निदान मी इथे करणार नाही, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. पण जाण्याआधी दोन-तीन पाळ्या वहीत लिहून ठेवा: तारीख, पाळीचा कितवा दिवस, कुठे, किती, त्या दिवशी लघवी आणि संडास कसं, संबंधांच्या वेळी दुखलं का. हा शेवटचा प्रश्न ओपीडीत सासू शेजारी बसलेली असताना मी विचारू शकत नाही आणि पेशंट सांगू शकत नाही. वही पुढे केली की काम होतं.


अक्कलकुवा_ताई:
मी नंदुरबार जिल्ह्यात आशांच्या कामावर देखरेख करते. सरांच्या या शेवटच्या ओळीवर लिहिल्याशिवाय राहवत नाही. पाड्यावरच्या बायका काहीही झालं तरी "कंबर" म्हणतात. खाली आग होते, कंबर. अंग बाहेर येतं, कंबर. नवऱ्याने मारलं, कंबर. मज्जारज्जू एकदा जागा बदलतो, लाज दुसऱ्यांदा बदलते. आणि डॉक्टरकडे दोन मिनिटं असतात, तो कंबरेची गोळी देतो. आमच्या आशांना मी सांगते, बाई कंबर म्हणाली की दोनच प्रश्न विचारा: लघवीला त्रास आहे का, आणि पाळीला जास्त होतं का. एवढ्यावरही पुष्कळ बाहेर येतं.


तापीकाठ:
ताई, तुमचे दोन प्रश्न मी उद्यापासून माझ्या केसपेपरवर छापून घेतो.


लोको_शेड:
पुरुषांचंही बोला राव. आमचे एक साहेब, दिवसभर खुर्ची आणि घरी-दारी मोटारसायकल. बसलं की मधल्या जागी, म्हणजे वृषणाच्या मागे आणि गुदद्वाराच्या पुढे, निखारा ठेवल्यासारखं. उभं राहिलं की बरं. प्रोस्टेटची सूज म्हणून औषधं खाऊन खाऊन कंटाळले.


तापीकाठ:
साहेबांना विचारा, कमोडवर बसलं की कमी वाटतं का? हो म्हणाले तर पुडेंडल नस (एस २ ते एस ४, वर आलेली मायांगाची नस हीच, पुरुषांतही असते) तपासायला हवी. ही नस बसायच्या हाडाच्या आतल्या बाजूने एका अरुंद बोगद्यातून जाते. तासन् तास कडक सीटवर बसणाऱ्यांची तिथे दबते. सायकल शर्यतवाल्यांत हा त्रास प्रसिद्ध आहे. खुर्चीवर दाब मधोमध पडतो, कमोडला मधे भोक, म्हणून आराम. फ्रान्समधल्या नांत शहरातल्या डॉक्टरांनी यासाठी पाच खुणांची यादी केली: त्या नसेच्या हद्दीतच दुखणं, बसल्याने वाढणं, रात्री दुखण्याने जाग न येणं, तपासणीत तिथली कातडी सुन्न न सापडणं, आणि नसेजवळ भुलीचं इंजेक्शन दिल्यावर थांबणं. मधे कापलेली उशी, बसण्यात खंड आणि ओटीपोटाचे तळाचे स्नायू सैल सोडायचा व्यायाम इथून सुरुवात होते. लोक आवळायचा व्यायाम करतात, त्याने या दुखण्यात उलट वाढतं. प्रोस्टेट मात्र एकदा नीट तपासून घ्यावा, अंदाजाने सोडू नये.

आणि सुन्नपणाची खूण वेगळी लक्षात ठेवा. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. पुढे नुसत्या नसांचा जुडगा खाली लोंबतो, आणि मूत्राशयाच्या एस २-एस ४ नसा त्यातच असतात. म्हणून खालची मोठी गादी मधोमध फुटली तर लघवीवर जाऊ शकते. कंबरदुखीत खोगीर टेकतं तेवढी जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, संडासवरचा ताबा गेला, दोन्ही पाय लुळे वाटले, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी, त्याच रात्री मोठं हॉस्पिटल. शेक नाही, चोळणं नाही, माझ्याकडे तर मुळीच नाही. आबा, हे तुमच्यासाठीसुद्धा.


अमळनेरकर_आबा:
नोंद घेतली. आता शेकाबद्दल सांगा. मिसेस पाळीत गरम पाण्याची पिशवी कमरेला बांधत, त्याने बरं वाटे. गर्भाशय आत, पिशवी बाहेर, कातडीवर. हे कसं पोचतं?


तापीकाठ:
गरमी गर्भाशयापर्यंत फारशी पोचतच नाही आबा. पण कातडीची ऊब त्याच पातळीवर निरोप पाठवते जिथे गर्भाशयाची कळ येते, आणि तिथे कळेचा आवाज दबतो. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलेला दाराचा सिद्धांत हाच. त्यातल्या बारीक गोष्टी पुढे बदलल्या, पण मज्जारज्जू कळ आहे तशी पुढे ढकलत नाही, तिथेच तिची चाळणी होते, हे टिकलं. आया मार लागल्यावर चोळतात त्याचंही हेच कारण. कळ उसनी येते त्याच वाटेने आरामही उसना देता येतो.

याचं सर्वांत मजेदार उदाहरण मूत्राशयाचं. वारंवार घाईची लघवी होणाऱ्यांना पायाच्या घोट्याच्या आतल्या बाजूला बारीक सुई लावून हलका करंट देतात, आठवड्यातून एकदा अर्धा तास, असे बारा आठवडे. घोट्याजवळची ती नस एल ४ ते एस ३ ची, मूत्राशयाची एस २ ते एस ४. दोघी वर एकाच ठिकाणी भेटतात. पायाला करंट दिला की मूत्राशय थंडावतं. पेशंटला सांगितलं की तो आधी माझ्याकडे बघतो, मग दाराकडे.

हेन्री हेड नावाच्या लंडनच्या डॉक्टरने १८९३ सालीच आतल्या कुठल्या अवयवाच्या दुखण्याने कातडीचा कोणता पट्टा हळवा होतो याचा नकाशा काढला होता, नागीण झालेल्या पेशंटांच्या पुरळाच्या पट्ट्यांशी ताडून. १९०३ मध्ये याच माणसाने संवेदना परत कशी येते हे कळावं म्हणून स्वतःच्या हाताची नस सर्जनकडून कापून घेतली. आपण इथे फुकट वाचतोय.


भरीत_पार्टी:
बाहेर बसाडेल व्हतू, पन वाची राहिंतू. हात कापी लिधा? आम्हना कडे वांगं कापतांना बोट कापायनं ते गाव गोळा व्हस.


यावलकर:
घोट्याचा करंट माझ्या आईला द्यावा का? वय सत्तरच्या वर, रात्री पाच-सहा वेळा उठते, लघवीत जंतू नाहीत.


ओपीडी_सात:
आधी साखर तपासा, रात्री पायावर सूज असते का बघा, आणि बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल तर ती सकाळी घ्यायची का हे डॉक्टरांना विचारा. तीन दिवस किती प्यायलं आणि किती वेळा गेलं याची नोंद ठेवा. एवढं होऊन घाई उरली तर करंटचा विचार करता येतो. पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर मात्र आधी सांगायचं. आईंना आहे का काही?


यावलकर:
पेसमेकर नाही. रक्त पातळ व्हायची गोळी आहे. साखर सोमवारी तपासतो आणि इथेच लिहितो.